निद्रिस्त की मृत?



ज्वालामुखीचे जागृत, निद्रिस्त आणि मृत असे तीन प्रकार पाठ्यपुस्तकात सांगितले जातात. पाठांतराला ते सोपे आहेत; पर्वत मात्र त्यांच्याशी बांधलेला नसतो.

हावड्याहून हुगळी ओलांडली की चौरंगीवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मुख्यालय लागते. १८५१ साली स्थापन झालेल्या या संस्थेतील एफ. आर. मॅलेट यांनी अंदमानच्या पूर्वेकडील बॅरन आणि नारकोंडम या ज्वालामुखी बेटांवरील ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बॅरनवर झालेल्या उद्रेकांच्या नोंदी उपलब्ध होत्या. पुढे एकोणिसाव्या शतकात तेथील अग्नी शमला आणि शंभराहून अधिक वर्षे बेट निश्चल राहिले. १९९१ साली मात्र तेथून पुन्हा लाव्हा वाहू लागला. त्यानंतर १९९४, २००५ आणि २०१७ या वर्षांतही त्याने आपले अस्तित्व दाखविले. मानवी पिढ्यांच्या मोजपट्टीने शतक दीर्घ असेल. ज्वालामुखीला ती एक डुलकी आहे. त्याच १९९१ सालच्या जूनमध्ये फिलिपाईन्समधील पिनातुबो सुमारे पाचशे वर्षांच्या शांततेनंतर प्रचंड वेगाने फुटला.

म्हणून किती वर्षे उद्रेक झाला नाही, एवढे विचारणे पुरेसे नाही. खालून शिलारसाचा पुरवठा होतो आहे काय, हा खरा प्रश्न. महाराष्ट्राचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या पातळ लाव्ह्याचा आहे. तो लाव्हा दूरवर पसरत गेला, म्हणून तेथे शंकू उभा न राहता थरांवर थर साचले. सह्याद्रीच्या कड्यांतील पायऱ्या त्याचीच खूण. ज्या उष्ण स्थानावर हे घडले असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात, ते आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असून तेथे ज्वालामुखी अजूनही धगधगतो. भारताचा भूपट्ट मात्र उत्तरेकडे सरकून गेला. दख्खन मृत म्हणावयाचे ते यामुळे, केवळ तो दीर्घकाळ शांत आहे म्हणून नव्हे.

अंदमानात परिस्थिती उलट आहे. तेथे भारतीय भूपट्ट आजही पूर्वेकडील भूपट्टाखाली शिरतो आहे आणि त्या घडामोडीतून शिलारस तयार होतो. बॅरनच्या उत्तरेस, त्याच साखळीत, सुमारे ७१० मीटर उंचीचा नारकोंडम उभा आहे. त्याच्या उद्रेकाची ऐतिहासिक नोंद नाही. उतारांवर घनदाट अरण्य आहे आणि जगात अन्यत्र न आढळणारा नारकोंडम धनेश तेथील वृक्षांच्या ढोलीत घरटे करतो. कोणी त्याला मृत म्हणतात, कोणी निद्रिस्त.