परदेशात निधन पावलेल्यांचा अखेरचा प्रवास
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी वक्त्याने आनंदाच्या गोष्टी बोलाव्यात, असा शिष्टाचार आहे. तो मोडून मी आज मृत्यूचा विषय काढणार आहे, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. परंतु महोत्सव म्हणजे केवळ गतवर्षांचा आनंद नव्हे. तो गतवर्षांचा हिशेबही होय. आपल्या वडिलांच्या काळी घरातील मनुष्य फार तर हैदराबादेस अथवा मुंबईस जात असे. आज आपली मुले-मुली दुबई, कुवेत, मस्कत, रियाध येथे चाकरी करितात. तेथून येणाऱ्या पैशावर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, भावांची शिक्षणे झाली. हे सर्व खरे. पण त्या दूरदेशाहून एखाद्या अपरात्री जो निरोप येतो, त्याची तयारी आपल्यापैकी कोणाच्याही घरी नसते.

असा एक निरोप आमच्या ओळखीच्या एका घरी आला, त्या रात्री मी तेथे होतो. तरुण मुलगा कामावर असताना गेला होता. घरात रडारड चालली होती. म्हातारी आई मात्र रडत नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहून एकच प्रश्न विचारीत होती, "त्याला घरी कधी आणणार?" या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते. मला चार ओळी लिहिता येतात म्हणून मंडळींनी कागद माझ्यापुढे ठेविला. त्या कागदाची हकीकत मी पुढे सांगणारच आहे. कारण तीत माझी एक चूक आहे, आणि ती तुम्ही करू नये एवढ्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

आईच्या त्या प्रश्नास पुष्कळ लोक भोळी माया समजतात. "प्राण गेला, आता मातीस काय करावयाचे?" असे म्हणणारे शहाणे त्या रात्रीही होते. पण पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचून पाहा. याकोब मिसर देशात मरण पावला. आपल्याला कनान देशात पूर्वजांच्या गुहेत पुरावे, अशी त्याने शपथ घेवविली होती. तेव्हा योसेफाने काय केले? वैद्यांकडून देहास मसाला भरविला. त्यास 40 दिवस लागले. मग फारोपाशी परवानगी मागितली. ती मिळाल्यावर रथ व स्वार बरोबर घेऊन तो मकपेलाच्या गुहेपर्यंत गेला. देहाचे जतन, राजाची परवानगी आणि प्रवासाची व्यवस्था, या तीनही गोष्टी आजच्या सरकारी रीतीत जशाच्या तशा आहेत. खुद्द प्रभूच्या देहाविषयीही असेच घडले. अरिमथाईकर योसेफ धैर्य करून पिलाताकडे गेला. पिलाताने शताधिपतीस बोलावून मृत्यूची खात्री करून घेतली, आणि मगच देह त्याच्या स्वाधीन केला. तेव्हा कचेऱ्यांचे उंबरठे झिजविताना कोणी कंटाळू नये. मृतास मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे, आणि आजच्या काळी त्या कृत्याचा अर्धा भाग कागदपत्रांतच असतो.

आपल्या देशातील उदाहरण पाहावयाचे तर संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाहा. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांसियान बेटावर त्यांचे निधन झाले. पुढे अस्थी हिंदुस्थानात नेता याव्यात म्हणून पेटीत चुना घालून त्यांना पुरण्यात आले. काही आठवड्यांनी पेटी उघडली तो देह जसाच्या तसा होता. 1553 साली तो मलाक्का येथे आणिला, तेथेही काही महिने भूमीत राहिला, आणि मार्च 1554 मध्ये गोव्यास पोहोचला. मृत्यूपासून गोव्यापर्यंत सव्वा वर्ष गेले. आपल्यापैकी कित्येकांनी जुन्या गोव्यास जाऊन त्यांचे दर्शन घेतले असेल. 2024 च्या नोव्हेंबरपासून जानेवारी 2025 पर्यंत ते दर्शन पुन्हा खुले होते. त्या चांदीच्या पेटीपुढे गुडघे टेकताना हे ध्यानात असू द्यावे की, तेथे विसावलेला देहही परदेशाहून जहाजाने आणिलेला आहे.

आता आजची रीत सांगतो. ही रीत देशोदेशी थोडी निराळी असते, पण तिचा सांगाडा एकच आहे. प्रथम त्या देशातील अधिकाऱ्यांकडून मृत्यूचा दाखला मिळतो. अपघात, आत्मघात किंवा संशयास्पद मरण असेल तर पोलिसांचा अहवालही लागतो, आणि चौकशी चालली की दिवसांचे आठवडे होतात. त्यानंतर भारतीय दूतावासात मृत्यूची नोंद होते, मृताचे पारपत्र रद्द केले जाते, आणि देह नेण्यास हरकत नसल्याचे पत्र मिळते. देहास औषधे भरून तो टिकेल असा केल्याचा दाखला व पेटी हवाबंद केल्याचा दाखला असे आणखी दोन कागद लागतात. मग विमानकंपनी पेटी मालाच्या विभागातून आणिते. भारतात उतरल्यावर विमानतळावरील आरोग्य अधिकारी कागद तपासून मोकळीक देतो. हे काम लवकर व्हावे म्हणून 2023 साली केंद्र सरकारने 'ई-केअर' नावाची संगणकीय सोय सुरू केली आहे.

खर्च कोणी करावयाचा? आखाती देशांत कामावर ठेविलेल्या मनुष्याचा देह स्वदेशी पाठविण्याचा भार बहुधा मालकावर असतो. मालक टाळाटाळ करील अथवा असमर्थ असेल, आणि घरची परिस्थिती बिकट असेल, तर दूतावासांपाशी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो 2009 साली स्थापन झाला. देह विमानाने आणण्याचा अथवा तेथेच अंत्यविधी करण्याचा खर्च त्यातून करता येतो. 2015 साली सुरू झालेल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर गाऱ्हाणे नोंदविता येते. दहावी न झालेले जे कामगार सरकारी मंजुरी घेऊन आखातात जातात, त्यांना प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. अपघाती मृत्यूस त्यात 10 लाख रुपये मिळतात. हा विम्याचा कागद पुष्कळांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी पडून असतो आणि बायकोस त्याची वार्ताही नसते! घरी गेल्यावर तो आजच काढून पाहा.

आता माझ्या चुकीविषयी. देह कोठे न्यावयाचा, कोणाच्या स्वाधीन करावयाचा, याबद्दल वारसांचे संमतिपत्र परदेशी पाठवावे लागते. त्या रात्री मी ते पत्र मुलाच्या वडिलांच्या नावाने लिहिले, त्यांची सही घेतली व धाडून दिले. सून त्या वेळी लातुरास माहेरी होती. तिला विचारावे हे कोणास सुचले नाही. मलाही सुचले नाही. तिच्या भावाने दुसऱ्या दिवशी तिच्या सहीचे निराळे पत्र धाडिले. दोन पत्रे, दोन ठिकाणे, दोन माणसे! तेथील अधिकाऱ्याने साहजिकच काम थांबविले व घरच्यांनी आधी एकमत करावे असे कळविले. सासरच्यांस वाटले सून आडवी आली; सुनेस वाटले आपणास कोणी मोजीत नाही. शेवटी आमच्या फादरांनी दोन्ही घरच्या मंडळींस एकत्र बसविले आणि मी सुनेची क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, "काका, मला फक्त विचारायला हवं होतं." तिसरे पत्र दोघांच्या सहीने गेले. पण मधले कित्येक दिवस तो मुलगा परक्या देशातील शीतगृहात पडून राहिला, आणि ते दिवस माझ्या लेखणीमुळे गेले. म्हणून सांगतो, विवाहित मनुष्याच्या बाबतीत पहिला शब्द त्याच्या पत्नीचा. आईबापांचे दुःख थोर आहे. तथापि लग्नाच्या वेदीपुढे ज्या दोघांस देवाने जोडिले, त्यांतील मागे राहिलेल्या जिवास वगळून कोणताही कागद लिहू नये.

आणखी दोन व्यवहाराच्या गोष्टी. नांदेडच्या विमानतळावर परदेशाची विमाने उतरत नाहीत, लातुरासही नाहीत. तेव्हा पेटी हैदराबादेस उतरवावी असे आरंभीच स्पष्ट लिहावे. तेथून देगलूरवरून नांदेड, अथवा बिदर-उदगीरवरून लातूर, ही वाट तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. मुंबईची वाट याहून पुष्कळ लांबची. दुसरे असे की, देहाबरोबर अथवा त्याआधी ज्या कागदांवर सह्या मागितल्या जातात, त्यांत येणे पगार व नुकसानभरपाई सोडून दिल्याचा मजकूर नाही ना, हे जाणत्या मनुष्याकडून वाचून घ्यावे. शोकाच्या भरात केलेली एक सही लेकरांचे अन्न तोडू शकते.

आता सर्वांत कठीण गोष्ट बोलतो. कधी कधी देह येतच नाही. 12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीस आग लागली, तेव्हा 45 भारतीयांचे देह हवाई दलाच्या विमानाने दोन दिवसांत मायदेशी आले. परंतु 2020 च्या महामारीत कित्येकांस परक्या भूमीतच मूठमाती मिळाली. मग ज्यांचा मुलगा असा तेथेच राहिला, त्या आईबापांनी आपण कर्तव्यास चुकलो असे मानावे काय? मुळीच नाही. ज्या शास्त्रात याकोब घरी येतो, त्याच शास्त्रात मोशे मवाबाच्या डोंगराळ मुलखात मरतो, वचनदत्त देशात त्याचे पाऊलही पडत नाही, आणि त्याची कबर कोणासही ठाऊक नाही. म्हणून काय देव त्यास विसरला? आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले; ते वसईस परतले नाहीत, तरी वसईकर त्यांना आपलेच म्हणतात. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. एवढ्या मोठ्या संस्थानाचा अधिपती, पण त्यांचे दहन तेथेच आर्नो नदीच्या काठी झाले. आणि दूर कशास जावे? पाटण्यास जन्मलेल्या गुरू गोविंदसिंहांनी 1708 साली या आपल्या नांदेडातच गोदातीरी देह ठेविला. पंजाबाहून हजारो लोक येथे येतात, ते परक्या गावी आलो असे मानीत नाहीत. ज्या मातीने आपल्या प्रिय मनुष्यास पोटात घेतले, ती माती परकी राहत नाही, हे नांदेडकरांस दुसऱ्या कोणी शिकवावयास नको.

आपल्या ख्रिस्तसभेनेही याचा विचार केलेला आहे. 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे अंत्यविधी सामान्यतः मृताच्या स्वतःच्या धर्मग्रामात व्हावा. पण मृत्यू परगावी होऊन देह आणिला नाही, तर जेथे मृत्यू झाला तेथील चर्चने तो करावा. म्हणजे तेथील कॅथलिक धर्मगुरूंनी म्हटलेली मिस्सा ही उसनी मिस्सा नव्हे. 1963 पासून ख्रिस्तसभेने दहनासही मोकळीक दिली आहे. तेव्हा पेटी आणणे अशक्य असेल तर रक्षा आणता येते. मात्र 2016 च्या आदेशाप्रमाणे ती घरी ठेवू नये, नदीत वा वाऱ्यावर सोडू नये, तर दफनभूमीसारख्या पवित्र स्थळी विसाव्यास द्यावी. डॉक्टर आनंदीबाई जोशी 1887 साली पुण्यास वारल्या, आणि त्यांची रक्षा अमेरिकेत पाकिप्सी येथे, ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे वागविले त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली गेली. प्रेम जेथे असते, तेथेच मनुष्याचे घर.

शेवटी या महोत्सवापुढे माझे तीन अर्ज आहेत. पहिला: ज्या घरचे मनुष्य परदेशी आहे, त्या घराने त्याच्या पारपत्राची प्रत, मालकाचा पत्ता, विम्याचा कागद आणि पत्नीचे व आईबापांचे नाव एका लखोट्यात घालून ठेवावे. दुसरा: आपल्या धर्मग्रामात दोघे-तिघे जाणते स्त्रीपुरुष असे नेमावे की, असा निरोप येताच त्यांनी त्या घरी जावे, कागद पाहावेत, आणि हैदराबादेच्या वाटेवर घरच्यांबरोबर राहावे. आईच्या शेजारी कोणी बसावे, तेही ठरवावे. तिसरा: दफन झाल्यावर मृतांच्या वहीत नोंद होते. जे परदेशातच पुरले गेले, त्यांची नावेही एका वेगळ्या पानावर लिहून ठेवावीत, आणि दर वर्षी 2 नोव्हेंबरास, सर्व मृत भक्तांच्या दिनी, आपल्या दफनभूमीत ती मोठ्याने वाचावीत.

त्या मुलाची पेटी अखेर आली. पहाटे रुग्णवाहिका अंगणात उभी राहिली, तेव्हा म्हातारी पुढे झाली, पेटीवर हात ठेविला, आणि त्या रात्रीपासून न रडलेली ती माउली प्रथमच रडली. मग तिने सुनेस जवळ ओढिले आणि तिचाही हात पेटीवर ठेविला. फादरांनी प्रार्थना सुरू केली.

परमेश्वर आपल्या सर्व दूरदेशी लेकरांस सुखरूप राखो. जे गेले त्यांना, ते कोणत्याही मातीत असोत, सार्वकालिक विश्रांती देवो. आमेन.