परिचारिकेची परीक्षा आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरून कोणी विदुषी येतात. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे चिटणीसबाईंनी ठरविले आणि माळ माझ्या गळ्यात पडली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. गावात शाळा तेवढीच होती. तेव्हा माझ्याकडून व्याख्यानाची अपेक्षा करू नये. गेली अडीच वर्षे माझ्या घरात जो अभ्यास चालला आहे, त्याबद्दल चार शब्द सांगते आणि शेवटी एक मागणे मागते.

माझ्या नणंदेची मुलगी बारावी झाली आणि परिचारिकेच्या तीन वर्षांच्या शिक्षणासाठी नाशकात आमच्या घरी राहावयास आली. नात्यातल्या पुष्कळांना ते रुचले नाही. रात्रपाळी, परक्यांची सेवा, उद्या लग्न कसे जमायचे, असे नाना प्रश्न निघाले. नणंदेच्या यजमानांनी होकार दिला तो अटीवर. एका वर्षी जरी नापास झाली तरी शिक्षण बंद आणि येईल ते स्थळ पाहायचे. म्हणजे दुसऱ्या मुलींची एक परीक्षा, तर हिच्या दोन.

मला वाटे, नर्सचे शिक्षण म्हणजे सुई टोचणे आणि मलमपट्टी. पण तिच्या अभ्यासात एक विषय निघाला, त्याचे नाव सामुदायिक आरोग्य परिचर्या. पहिल्या वर्षी आहे आणि पुन्हा तिसऱ्या वर्षी आहे. दवाखान्यात आजारी माणूस नर्सकडे येतो. या विषयात नर्स धडधाकट माणसांच्या घरी जाते, ती आजारी पडू नयेत म्हणून. मला ही कल्पनाच फार आवडली.

पुस्तके इंग्रजी. म्हणून तिने प्रश्न मराठीत वहीत उतरविले आणि रात्री भांडीकुंडी आटोपली की म्हणे, "मामी, तुम्ही वही धरा आणि विचारा." मी विचारावे, तिने सांगावे. मला समजले तर उत्तर बरोबर, नाही समजले तर पुन्हा सांगायचे, असा आमचा नियम. तिच्या बाईंनीही तेच सांगितले होते, की उद्या तुम्हांला बोलायचे आहे ते घरच्या बायकांशीच.

अशा रीतीने माझ्याही कानावर पुष्कळ पडले. सपाटीच्या भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आणि सुरगाणा-पेठसारख्या डोंगराळ, आदिवासी भागात तेच आकडे ३,००० आणि २०,०००. बाळाला जन्मताच बीसीजी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी टोचणी, नऊ महिने झाले की गोवराची. जुलाबाच्या मुलासाठी ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात संपूर्ण टाकायचे. थोडे थोडे नव्हे. आणि ते पाणी चोवीस तासांनंतर ठेवायचे नाही. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजून लिटर काढायचे आणि दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम टीसीएल पावडर टाकायची, मग तासभर पाणी कोणी काढायचे नाही. हे गणित तिला येईना, तेव्हा आम्ही पाण्याचे पिंप मोजून पाहिले आणि मग ते पक्के बसले.

पण भगिनींनो, या विषयाचा निम्मा अभ्यास वहीत होत नाही. प्रत्येक मुलीला वस्तीतील काही कुटुंबे नेमून देतात. तेथे पुन्हा पुन्हा जायचे, घरातल्या प्रत्येकाची माहिती लिहायची, पाणी, न्हाणीघर, सांडपाणी पाहायचे, गरोदर बाई असेल तर तिला तपासणीला जाण्याची आठवण द्यायची आणि हे सर्व लिहून परीक्षेपूर्वी दाखवायचे. घरे मिळाली नाहीत, तर मुलगी कितीही हुशार असो, तिचे काम अपुरे राहते.

पहिल्या वर्षी नेमके तसेच झाले. नेमून दिलेल्या घरांपैकी दोन घरांनी तिला उंबरठ्यावरूनच परत पाठविले. एका ठिकाणी दार किलकिले करून "आमच्याकडे कोणी आजारी नाही" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी बसू दिले, पण तिने हात धुवावयास पाणी मागितले आणि घरच्या बाईंना राग आला. "आमचे घर काय घाणेरडे आहे?" म्हणाल्या. ती घरी आली आणि न जेवता निजली. परीक्षेला महिना उरला होता. अखेर तिच्या बाईंनी दुसरी दोन घरे मिळवून दिली आणि ती कशीबशी वेळेत पूर्ण झाली. ती दोन घरे न मिळती, तर आज ती कोणाच्या तरी घरी पोळ्या लाटत असती.

त्या हात धुण्याविषयी मुद्दाम सांगते. या मुलींना पिशवी कशी वापरायची याचा धडा असतो आणि त्यावर परीक्षा असते. पिशवी जमिनीवर टेकवायची नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर पिशवी ठेवायची, मग साबणाने हात धुवायचे आणि मगच आतील वस्तूला हात लावायचा. काम संपले की पुन्हा हात धुवायचे. आमच्या ओट्यावर तिने हा धडा इतक्या वेळा गिरवला, की माझा धाकटाही न चुकता करून दाखवितो. मागच्या घरातला आजार तुमच्या घरात येऊ नये आणि तुमच्या घरातला पुढच्या घरी जाऊ नये, म्हणून हे हात धुणे. त्यात तुमच्या घराचा अपमान नाही, मानच आहे.

दुसरा राग येतो तो प्रश्नांचा. मुले किती, किती गेली, पाळी कधी चुकली, घरात कोणी खोकते का. परक्या मुलीने असे विचारावे हे कोणालाही खटकेल. पण वर्षाच्या आत दगावलेली बाळे दर हजार जिवंत जन्मांमागे किती, हा आकडा निघतो तो अशाच दारांतून. तो खोटा निघाला तर औषधे आणि माणसे भलतीकडे जातात.

याच प्रश्नाने एका घराचे भले झालेले मी ऐकले आहे. भाचीच्या कुटुंबांपैकी एका घरी सासरे बरेच दिवस खोकत होते. तंबाखूचा खोकला म्हणून कोणी लक्ष देत नव्हते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी, हे तिला पाठ होते. तिने बाईंना सांगितले, तपासणी झाली, क्षय निघाला. सरकारी औषधे फुकट मिळाली, सहा महिने न चुकता घेतली आणि ते बरे झाले. त्याच घरात दोन वर्षांची नात होती, तिचीही तपासणी झाली. हा प्रश्न दारातच अडला असता तर?

हे काम हलके मानणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांना त्यांच्या वस्तीतून उचलून आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्याच सेवेत त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्यापाशी परिचारिकेचे प्रमाणपत्र नव्हते. काम मात्र हेच होते. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी स्त्रिया पाठविल्या. त्या काळी त्यांना काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आणि आज? राज्यातील परिचारिकांच्या पदवी परीक्षा ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आहेत, ते १९९८ साली स्थापन झालेले विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. परीक्षेचे घर आपल्या गावात, आणि परीक्षेच्या मुलींना दार मात्र बंद, हे नाशिककरांना शोभत नाही.

देवीचा रोग आपल्या देशातून गेला तो घरोघर शोध घेतल्यामुळे. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. पोलिओच्या वेळी आपल्या दारांवर खडूच्या खुणा होत, त्या आठवत असतील. २०११ च्या जानेवारीत शेवटचा रोगी आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. दोन्ही वेळा दार उघडणारी बहुधा कोणीतरी गृहिणीच होती. तिचे नाव कोठे छापून आले नाही, पण तिच्यावाचून ते झाले नसते.

आता मागणे. भाचीची शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली आहे. तिच्यासारख्या कितीतरी मुली खेड्यांतून येऊन नाशकात शिकतात. पुढच्या काही आठवड्यांत त्या आपल्या गल्ल्यांतून पिशवी घेऊन फिरतील. त्यांचे ओळखपत्र अवश्य पाहा. पण ते पाहिल्यावर दार उघडा, हात धुवावयास तांब्याभर पाणी द्या आणि विचारतील ते खरे सांगा. सांगायचे नसेल ते नाही सांगत म्हणा, पण खोटे सांगू नका. या मुलींना लोकांसमोर आरोग्यावर बोलून दाखवायचे असते; मंडळाच्या एखाद्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे. आणि मंडळाची खोली संध्याकाळी रिकामी असते, ती परीक्षेपुरती दोन तास अशा मुलींना अभ्यासाला द्यावी. झाडलोट आणि किल्ली यांची जबाबदारी मी घेते.

या मुलींचे काही धडे आपल्या घरांतच शिकायचे असतात. आपण सातवी शिकलेल्या असू, चौथी शिकलेल्या असू, पण त्या धड्यापुरत्या आपण त्यांच्या मास्तरीण आहोत. हा मान आपण सोडू नये.