‘बघितल्यागत वाटतंय’ आणि ‘ओळख पटली’



आमच्या हातकणंगले भागात एक वाक्य फार ऐकू येतं : ‘तुमास्नी कुठंतरी बघितल्यागत वाटतंय.’ मिरज-कोल्हापूर गाडीच्या डब्यात, एस.टी. स्टँडवर, वडगावच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत. मग चौकशी सुरू होते. गाव कुठलं, पाहुणे कोण, शिक्षण कुठं झालं? मध्येच एखाद्या नावावर गाडी थांबते आणि समोरचा म्हणतो, ‘हां, आता पटली ओळख!’

या दोन वाक्यांत मराठी माणसानं मोठं शहाणपण साठवून ठेवलं आहे. ‘बघितल्यासारखं वाटणं’ वेगळं आणि ‘ओळख पटणं’ वेगळं. पटणं म्हणजे जुळणं. समोरचा चेहरा आणि मनातली जागा जुळली, की ओळख पटली. त्याआधी असतो तो नुसता भास, ओळखीचा वास म्हणा हवं तर.

मानसशास्त्रज्ञही हाच फरक करतात. जॉर्ज मँडलर या अभ्यासकानं १९८० साली एक साधं उदाहरण दिलं. बसमध्ये एक माणूस दिसतो. चेहरा नक्की ओळखीचा आहे, पण कोण ते सुचत नाही. बराच वेळ डोकं खाजवल्यावर लक्षात येतं की, अरे, हा तर आपला नेहमीचा खाटीक! दुकानात, त्याच्या जागी, त्याला ओळखायला क्षणही लागला नसता. जागा बदलली आणि ओळख अडकली. चेहरा आधी आला, पत्ता मागून आला.

यातला पहिला भाग, म्हणजे ‘हे पाहिलेलं आहे’ एवढं कळणं, माणसात जबरदस्त असतो. कॅनडातल्या लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ साली एका प्रयोगात लोकांना काही दिवसांत दहा हजार चित्रं दाखवली, प्रत्येक चित्र जेमतेम पाच सेकंद. नंतर एक जुनं आणि एक नवं अशी जोडी समोर ठेवून विचारलं, यातलं पाहिलेलं कोणतं? सुमारे ८३ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. नुसत्या अंदाजानं ते पन्नास टक्के आलं असतं. अमेरिकेत हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली शाळासोबत्यांच्या ओळखीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सोडून पस्तीसएक वर्षं झालेली माणसंही फोटोंतून दहापैकी जवळजवळ नऊ वर्गमित्र ओळखत होती. पण फोटो बाजूला ठेवून, ‘आता आठवून नावं सांगा’ म्हटलं की गाडी रुतत होती. आठवणं ही विहिरीतून पाणी शेंदण्यासारखी गोष्ट आहे. ओळखणं म्हणजे समोर आलेली घागर आपली की शेजाऱ्याची एवढंच सांगणं.

आता हा नुसता गमतीचा विषय राहत नाही. ओळखीच्या भासावर माणसाचं आयुष्य टांगलेलं असतं.

पोलीस तपासात ओळख परेड होते. हिंदी मुलखात तिला शिनाख्त परेड म्हणतात. संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांमध्ये उभं करतात आणि दंडाधिकाऱ्यासमोर साक्षीदाराला ओळखायला सांगतात. परेडच्या आधी साक्षीदारानं संशयिताला पाहिलेलं नसावं, त्याचा फोटोही पाहिलेला नसावा, याबद्दल न्यायालयं काटेकोर असतात. कारण उघड आहे. वर्तमानपत्रातला फोटो सकाळी नजरेखालून गेला असेल, तर दुपारी तो चेहरा ओळखीचा वाटणारच. साक्षीदार खोटं बोलत नसतो. त्यानं तो चेहरा पाहिलेला असतोच. प्रश्न एवढाच असतो की गुन्ह्याच्या जागी, की पेपरात? मन ‘पाहिलंय’ एवढंच ठणकावून सांगतं. ‘कुठं’ हे विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि कधी कधी विचारूनही चुकीचं सांगतं.

शब्दांचंही तसंच. लॅरी जेकबी आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली काही लोकांना अगदी सामान्य, कुणालाही माहीत नसलेली नावं वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी त्यातलीच नावं अनेकांना प्रसिद्ध माणसांची वाटू लागली! नाव ओळखीचं वाटत होतं आणि कालच्या यादीचा विसर पडला होता. त्याआधी, १९७७ साली, अमेरिकेत एका प्रयोगात दिसलं होतं की तेच विधान पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा ऐकवलं, तर लोकांना ते अधिक खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. कानाला सवय झाली, की मन तिला पुरावा समजतं.

१ जुलै २०१८ हा दिवस महाराष्ट्रानं विसरू नये. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथं, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, पोटासाठी तिकडं गेलेले. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून फिरत होत्या. पुन्हा पुन्हा ऐकलेली अफवा ओळखीची झाली होती, आणि दारात आलेली माणसं मात्र अनोळखी.

खरं तर भिक्षेकरी गोसावी, वासुदेव, पहाटेचा फकीर ही आपल्या गावांच्या ओळखीची माणसं. त्यांचा वेश, त्यांचा आवाज, त्यांची वेळ आपल्या आजी-आजोबांना पाठ होती. आजी दार उघडण्याआधीच सुपात मूठभर जोंधळे घ्यायची. ती ओळख आपण विसरत चाललो, आणि तिच्या जागी मोबाइलवर आलेल्या मजकुराची ओळख बसली.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळं शब्दांवर माझा जीव आहे. म्हणून सांगावंसं वाटतं, ‘बघितल्यागत वाटतंय’ आणि ‘ओळख पटली’ या दोन शब्दांमधली जागा आपण सांभाळू या. एखादी बातमी ऐकलेली वाटली, तर ती कुणाकडून ऐकली हे आठवून बघावं. एखाद्या माणसाचा संशय आला, तर आधी त्याचं गाव विचारावं, त्याला पाणी द्यावं आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं. अनोळखी माणसाची ओळख पटायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला देणं, हा आपला शेजारधर्म आहे.