सार्वजनिक सभेची भरती-ओहोटी



संस्था जन्माला कधी आली हे सांगणे सोपे. ती थकली केव्हा हे सांगणे फार अवघड. जन्माचा ठराव होतो, थकण्याचा कोणी करीत नाही. आज पुण्याच्या सार्वजनिक सभेचे उदाहरण घेतो ते एवढ्याचसाठी की, तिची भरती-ओहोटी मोजण्यास काही खुणा आपल्या हाती आहेत.

पहिली खूण मुखत्यारपत्राची. 2 एप्रिल 1870 रोजी सभा स्थापन झाली. निमित्त पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या गाऱ्हाण्यांचे. अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे, आणि राबणारे वकील गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका'. नियम असा की, सभासद होऊ पाहणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. वर्गणी भरली की झाले सभासद, असा मामला नव्हे! पहिल्या 95 सभासदांच्या मागे सुमारे 6000 सह्या होत्या. हिशेब केला तर दर सभासदामागे त्रेसष्ट पडतात. म्हणजे लोकांनी नियमापेक्षा जास्तच दिले. मतदानाचा हक्क नसलेल्या त्या काळात प्रातिनिधिकत्वाची ही कल्पना केवढी धीट होती, याचा विचार करावा.

1871 साली न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि सभेला बुद्धीचे बळ मिळाले. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी झाली; 1875 मध्ये हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे म्हणून थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज गेला; 1876-77 च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून सरकारपुढे मांडण्यात आली. 1877 च्या दिल्ली दरबारास काका खादीच्या पोशाखात गेले, हे तर आपण सर्व जाणताच.

दुसरी खूण त्रैमासिकाची. ते 1878 साली सुरू झाले. त्यातील सुमारे दोनतृतीयांश मजकूर एकट्या रानड्यांचा असे, असे सांगतात. सरकारी नोकरी असल्यामुळे त्याखाली नाव नसे. हीच गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. एवढ्या मोठ्या सभेची लेखणी एका माणसाच्या हातात! त्याच वर्षी त्यांची नाशिकला बदली झाली, पुढच्या वर्षी धुळ्याला. 1880 साली काका वारले. त्रैमासिक तरीही चालले, 1887 पासून तरुण गोखल्यांनी संपादन सांभाळले. पण 1893 मध्ये रानडे हायकोर्टावर मुंबईस गेले आणि घरात कर्ता माणूस नसावा तशी अवस्था झाली. पुष्कळजण सभेचा ऱ्हास 1895 च्या भांडणापासून धरतात. मी तसे धरीत नाही. खांब आधीच पोखरले होते; भांडणाने ते दिसले इतकेच.

ते भांडण सर्वश्रुत आहे. 1895 च्या निवडणुकीत टिळकपक्षाने व्यवस्थापक मंडळ काबीज केले. गोखले चिटणीसपदावरून दूर झाले. 1896 साली रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. एका शहरात दोन सभा झाल्या, आणि श्रोते मात्र तेच राहिले!

येथे हिशेब गमतीचा होतो. अर्ज आणि त्रैमासिक पाहावे तर ओहोटी लागलेली दिसते. पण 1896-97 च्या दुष्काळात सभेचे लोक खेड्यापाड्यांतून हिंडत होते. दुष्काळाच्या कायद्यात सारातहकुबीची काय सोय आहे, ते कुणब्याला त्याच्या मराठीत समजावून सांगत होते. पूर्वीची सभा रयतेच्या वतीने सरकारशी बोलत असे. ही सभा रयतेशीच बोलू लागली. याला ओहोटी म्हणायचे की पाणी दुसऱ्या पात्रात वळले म्हणायचे? नेमस्त मंडळी पहिले म्हणत, जहाल दुसरे. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. पण जे पात्र सुटले त्याची किंमतही लहान नव्हती. आकडे, पुरावे, शांतपणे केलेला युक्तिवाद हे सारे त्या त्रैमासिकात होते, आणि त्याची जागा भरून निघायला वेळ लागला.

तिसरी खूण सरकारने स्वतःच दिली. मार्च 1897 मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की, सार्वजनिक धोरणाच्या बाबतीत सरकारला लिहिण्याचा या सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही. सत्तावीस वर्षे अर्ज घेणाऱ्यांनी दार लावून घेतले. थकलेल्या संस्थेसाठी कोणी दाराला कडी घालीत नसते. त्याच सुमारास त्रैमासिकही बंद पडले. सभा मात्र मोडली नाही; ती आजही पुण्यात आहे.