रानपिंगळा आणि आपला कॅमेरा
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लाजऱ्या पक्ष्यांचे फोटो कसे काढायचे आणि नंतर ते संगणकावर कसे नीट करायचे, यावर मी बोलावं असं मंडळाने सांगितलं आहे. दोन्ही सांगतो. पण त्याआधी एका पक्ष्याची गोष्ट ऐका. ती आपल्या सुरत जिल्ह्याचीही आहे आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या गावाकडची, म्हणजे खानदेशचीही आहे.

रानपिंगळा हे एक वीतभर उंचीचं घुबड. 1873 मध्ये ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात काही पक्षी मिळवले. 1884 नंतर मात्र हा पक्षी कुणाला सापडेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले फक्त सात नमुने होते. त्यातल्या एकाच्या लेबलवर लिहिलेलं होतं : मांडवी, तापी नदी, 1914. होय, आपलीच मांडवी! हा नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दिलेला होता. 1884 नंतरच्या नमुन्याची तोवरची ही एकमेव नोंद. त्यामुळे पुढच्या लोकांनी या पक्ष्याचा शोध घेताना तिच्यावर भरवसा ठेवला.

ती नोंद खोटी होती. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईने तपासला, त्याचा एक्स-रे काढला. तेव्हा दिसलं की तो मुळात डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा नव्याने भरून, त्याला दुसरं लेबल लावलेलं होतं. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी मांडवीची नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, उघड्या फांदीवर, दिवसाढवळ्या रानपिंगळा बसलेला दिसला. 113 वर्षांनी! या वेळी पुरावा म्हणून पक्षी मारावा लागला नाही. फोटो आणि व्हिडिओ पुरेसे ठरले.

मंडळी, म्हणूनच मी ही गोष्ट आधी सांगितली. पूर्वी बंदुकीने जे काम केलं, ते आज कॅमेरा करतो. आपला फोटो ही नोंद असते. ती खरी असली पाहिजे.

आता फोटो काढण्याबद्दल. लाजऱ्या पक्ष्याच्या मागे धावू नका, त्याच्या वाटेवर बसा. पहाटे उजाडण्याआधी जागा धरा. कपडे मातकट रंगाचे असावेत, मोबाइल बंद. पुढे सरकायचंच असेल तर सरळ रोखून चालू नका. तिरके जा, दोन पावलं टाका, थांबा, दुसरीकडे पाहा. रस्त्याकडेला असाल तर गाडीतून उतरूच नका. माणूस दिसला की उडणारा पक्षी थांबलेल्या गाडीकडे बहुधा दुर्लक्ष करतो. खिडकीच्या काचेवर तांदळाची किंवा वाळूची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली की हात हलत नाही. फोकस नेहमी डोळ्यावर. शक्यतो पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो घ्या. पाणपक्ष्यांसाठी त्याकरता सरळ पालथं झोपावं लागतं. घरी ओरडा बसतो, पण फोटो चांगला येतो.

पक्षी काय सांगतोय तेही बघा. खाणं थांबवून तो ताठ झाला, पिंगळा डोकं वरखाली करू लागला, कुणी सतत ओरडू लागला, की समजा आपण फार जवळ आलो. मागे व्हा. घरट्याजवळ जाऊ नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला. चारा शोधायचं, पिलांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो. आपल्याला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ वाया जाते.

आता माझी एक फजिती सांगतो. रानपिंगळा डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातही नोंदला गेला आहे, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात तोच होता. डांगच्या एका वाटेवर संध्याकाळी, उजेड जवळजवळ गेलेला असताना, एक पिंगळा दिसला. आयएसओ 6400 वर नेला, चार फोटो मिळाले. घरी येऊन पाहिलं तर सगळीकडे दाणे दाणे. नॉइज कमी करायची पट्टी शेवटापर्यंत ओढली, वर शार्पनेस चढवला. डोकं कसं गुळगुळीत, तपकिरी दिसू लागलं! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळपास दिसत नाहीत. मी आनंदाने फोटो मित्रांना पाठवला : 'रानपिंगळा!'

आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी एवढंच विचारलं, "रॉ फाइल आहे का रे?" दाखवली. मूळ फाइलमध्ये, त्या दाण्यांच्या आड, डोकंभर ठिपके होते. काका म्हणाले, "हा आपला साधाच पिंगळा. ठिपके तू पुसलेस." पोटाकडेही मी नीट पाहिलं नव्हतं. रानपिंगळ्याच्या पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो, याच्या पोटावर तपकिरी खुणा होत्या. मला जे पाहायचं होतं तेच मी पाहिलं. माझ्या मनात लबाडी नव्हती. पण ती नोंद पुढे गेली असती, तर मांडवीच्या लेबलासारखीच माझ्यामुळेही माणसं चुकीच्या जागी शोधत फिरली असती.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. फोटो नेहमी रॉमध्ये काढतो आणि मूळ फाइल कधीही पुसत नाही. पक्षी ओळखायचा तो मूळ फाइलवरून, सजवलेल्या फोटोवरून नाही. उजेड, सावली, पांढऱ्या रंगाचा तोल, क्रॉप एवढं नीट करायला हरकत नाही. नॉइज काढायचा तर आधी पार्श्वभूमीचा, पक्ष्यावर अगदी हलक्या हाताने. शंभर टक्के मोठं करून पिसं दिसतात का ते पाहतो. रंग इतके भडक करत नाही की तपकिरीचा तांबूस होईल. मध्ये आलेली काडी पुसली तर तसं लिहितो. जे नव्हतं ते मात्र घालत नाही.

सुरतेत हे जास्त समजावून सांगायला नको. हिऱ्याला पैलू पाडण्यात काही गैर नाही, तो तर कारागिराचा मान आहे. प्रयोगशाळेत बनवलेला हिराही सुंदर असतो. पण तो खाणीतला म्हणून विकला तर ती फसवणूक. आता संगणक न पाहिलेला पक्षीही हुबेहूब काढून देतो. खुशाल काढा, पण खाली तसं लिहा.

एक शेवटचं. दुर्मीळ पक्ष्याची जागा सगळ्यांना सांगू नका, फोटोतलं जीपीएस काढून टाका. गर्दी झाली की पक्षी जागा सोडतो. आणि घुबडांच्या जिवावर उठलेले अंधश्रद्ध लोक आजही आहेत, विशेषतः दिवाळीच्या सुमारास. घुबड लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मीसाठी त्याचाच बळी द्यायचा, असली ही भक्ती! तेव्हा जागा सांगायची नसेल तर गप्प राहा. पण खोटी जागा सांगू नका.

पुढच्या खेपेला गावी जाताना नंदुरबार-शहाद्याच्या बाजूला, साग उघडे पडलेल्या दिवसांत, वर फांद्यांकडे बघा. वीतभर उंचीचा, गोल डोक्याचा कुणी उन्हात बसलेला दिसला तर आधी लांबूनच डोळे भरून पाहा. कॅमेरा नंतर काढा. आणि डोक्यावर ठिपके दिसले, तर दिसू द्या.