ट्राम चुकवणाऱ्यांचा संघ

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विजेच्या ट्राम सुरू झाल्या, तेव्हा रस्ता ओलांडताना त्या चुकवता चुकवता लोकांच्या नाकी नऊ येत. त्यावरून तिथल्या संघाचे नाव पडले ‘डॉजर्स’, म्हणजे चुकवणारे! १९५६ साली ट्राम बंद झाल्या. १९५८ साली संघही दूर लॉस एंजेलिसला गेला. नाव मात्र तेच.

पण मोठी गोष्ट वेगळीच. साठेक वर्षे वरच्या दर्जाच्या सामन्यांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजी याच संघाने जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवले. त्याने शिव्या ऐकल्या, धमक्या सोसल्या, आणि खेळत राहिला. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ पासून कुठल्याच संघात नव्याने दिला जात नाही. फक्त १५ एप्रिलला सगळेच खेळाडू तो पाठीवर घालतात.