‘मी फक्त बघते, बाई’

(धुळ्यात झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सकाळपासून आपण पोटगी, सातबाऱ्यावर बाईचं नाव आणि दारूची दुकानं यांवर बोलतो आहोत. आता जेवणानंतर ही बाई कॉम्प्युटरबद्दल काय सांगणार, असा प्रश्न काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. मी जळगावात तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. 2021 मध्ये निवृत्त झाले आणि आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात शनिवार-रविवारी कॉम्प्युटर क्लब सुरू केला. वर्षभराने दुसरा क्लब माझ्या माहेरी, पांझराकाठच्या गावात उघडला. तिथे मी काय शिकवलं ते सांगेनच, पण आधी माझं काय चुकलं ते सांगते.

सुरुवात लॉकडाऊनपासून झाली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढे आमचे वर्ग फोनवर भरू लागले. माझ्या नववीच्या वर्गात हजेरी घेताना मुलींची नावं एकेक करून गळायला लागली. पहिल्या तिघांत येणारी एक मुलगी दिसेना, म्हणून निर्बंध सैल झाल्यावर तिच्या घरी गेले. घरात फोन एकच. भाऊ सातवीत. ती म्हणाली, “बाई, भाऊचा तास संपेपर्यंत चार्जिंग संपतं.” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. पावसाळ्यात पाऊस पडतो, तसं ती सांगत होती.

2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया महाराष्ट्रात 38 टक्के निघाल्या, आणि पुरुष 61.5 टक्के. ही दरी नुसती गरीब आणि श्रीमंत घरांमधली नाही. एका छपराखालच्या बहीण-भावांमधलीही आहे.

तेव्हा मी ठरवलं की घरात नसेल तर वस्तीत यंत्र ठेवू. ओळखीतून दोन जुने कॉम्प्युटर मिळवले. भेदभाव नको म्हणून क्लब मुलगे-मुली दोघांसाठी उघडला. वीस मुलं येऊ लागली, त्यात अकरा मुली. मी खूश! महिनाभराने आठवीतल्या एका मुलीला सहज विचारलं, “आज तू काय केलंस गं?” ती म्हणाली, “मी फक्त बघते, बाई.”

मग मी पाहिलं. खुर्च्यांवर मुलगे, खुर्च्यांच्या मागे मुली. महिनाभर हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी हजेरीपटावर समाधानी होते. तुम्ही म्हणाल, त्यांनी मागितलं का नाही? आपण कधी मागितलं? शेतात दिवसभर बाई राबते, पण मोटारीच्या स्टार्टरला हात लावायची वेळ आली की घरातल्या पुरुषाला हाक जाते. यंत्र आलं की आपण एक पाऊल मागे सरकतो. हे कुणी सांगावंही लागत नाही, इतकं ते अंगात मुरलं आहे.

पुढच्या आठवड्यापासून मुलींचा क्लब वेगळा केला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दर दहा मिनिटांनी माऊस पुढच्या मुलीच्या हातात द्यायचा, हा पहिला नियम. वेळ दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा जेवणाची भांडी झालेली असतात आणि संध्याकाळचं पाणी नि भाकरी बाकी असते. कापूस वेचणीच्या दिवसांत मुली शेतात असतात, तेव्हा गावातला क्लब रात्री भरतो आणि दोघी आया मुलींना घरोघर पोचवतात. दाराशी रोज एक आई बसते. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. मुलीला कॉम्प्युटर मिळण्याआधी तिला दोन तास आणि एक जागा मिळावी लागते, आणि त्या जागेवर कुणाचा संशय नसावा लागतो. शहरातला क्लास हे देऊ शकत नाही. आपल्या गल्लीतला, आपल्याच बायकांनी चालवलेला क्लब देऊ शकतो.

आता शिकवायचं काय? 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीला लागतं, म्हणून का होईना, कितीतरी मुली पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढे बसल्या. त्याला मी कमी लेखत नाही. पण पत्र टाइप करणं, तक्ता भरणं म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं यंत्र चालवणं. यंत्राला काम कसं नेमून द्यायचं, हे शास्त्र त्याच्या पुढचं आहे. मुलींना ते जमणार नाही असं समजून आपण तिथे जातच नाही.

आम्ही ते बिबड्यांपासून सुरू केलं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया बिबड्या करायला जमल्या होत्या. एका मुलीने पायऱ्या सांगायच्या आणि दुसरीने सांगितलं तेवढंच करायचं, असा खेळ लावला. “पीठ शिजव.” “किती वेळ?” “शिजेपर्यंत.” “शिजलं हे कसं ओळखू?” बाया हसून बेजार. पण त्या हसण्यात मुलींना कळलं की यंत्राला ‘अंदाजाने’ हा शब्द समजत नाही. त्याला जर-तर, जोवर-तोवर असं नेमकं सांगावं लागतं. प्रोग्रॅम म्हणजे हेच. मग पाच मुलींना 16, 8, 4, 2, 1 असे आकडे लिहिलेले पुठ्ठे देऊन रांगेत उभं केलं. तेरा दाखवायचे तर 8, 4 आणि 1 वाल्यांनी पुठ्ठे वर करायचे, बाकीच्यांनी खाली. पाच पुठ्ठ्यांत शून्यापासून एकतीसपर्यंत प्रत्येक आकडा दाखवता येतो. कॉम्प्युटरच्या पोटात हेच चालतं, वर किंवा खाली, आहे किंवा नाही. हे शिकवायला वीजही लागत नाही.

त्यानंतर स्क्रॅच घेतलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने 2007 मध्ये मुलांसाठी आणलेली ही भाषा फुकट आहे, आणि एकदा कॉम्प्युटरवर घातली की इंटरनेटशिवाय चालते. त्यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडायचे. प्रत्येक इंग्रजी ठोकळ्याचं मराठी मुलींनी स्वतःच एका वहीत लिहून काढलं. ती वही हाच आमचा कोश. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये क्लेअर सटक्लिफ आणि लिंडा सँडविक या दोघींनी शाळेनंतरच्या फुकट कोड क्लबांची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या क्लबांतही हेच स्क्रॅच होतं. म्हणजे आमच्या समाजमंदिरातला अभ्यास काही कमी दर्जाचा नाही.

एक गोष्ट मी क्लबात नेहमी सांगते. यंत्रं येण्याआधी ‘कॉम्प्युटर’ हे माणसाच्या कामाचं नाव होतं. आकडेमोड करणारी व्यक्ती म्हणजे कॉम्प्युटर, आणि विसाव्या शतकात हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. 1946 मध्ये अमेरिकेत एनियाक हे मोठं यंत्र जगापुढे आलं. त्याला काम लावून देणाऱ्या सहा जणी होत्या. यंत्राचं कौतुक झालं, या सहा जणींची नावं पुढे कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत. त्याच्याही शंभर वर्षं आधी, 1843 मध्ये, एडा लव्हलेस हिने न बनलेल्या यंत्रासाठी गणिताच्या पायऱ्या छापून ठेवल्या होत्या. हे ऐकून एक मुलगी म्हणाली, “म्हणजे बाई, हे काम आपलंच होतं, मधेच गेलं.” मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

आता अवघड भाग. हे मी त्या घराच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते आहे. माहेरच्या क्लबात एक आई पहिल्या महिन्यात रोज दाराशी येऊन विचारायची, “ताई, मनी अंडेर तठे काय करस?” तिची मुलगी दहावीत होती. कुणीतरी स्नेहसंमेलनातल्या फोटोतला त्या मुलीचा चेहरा उचलून दुसऱ्याच बाईच्या उघड्या अंगावर बसवला आणि तो फोटो गावातल्या फोनांवर फिरवला. वडिलांनी त्याच दिवशी शाळा बंद केली, क्लब बंद केला, आणि चार दिवसांत स्थळं बघायला सुरुवात केली. चुलते मला म्हणाले, “हे तुमच्या कॉम्प्युटरमुळे झालं.”

मला 1994 आठवलं. जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं, तेव्हा मी तरुण शिक्षिका होते. मुलींचे फोटो आणि चित्रफिती काढून त्यांना धमकावलं जात होतं, हे बाहेर आलं. आपल्या मैत्रिणी रस्त्यावर उतरल्या, तपास झाला, खटले चालले. पण घराघरात शिक्षा कुणाला झाली? माझ्या ओळखीच्या दोन घरांत मुलींचं कॉलेज सुटलं. त्यांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. जळगावची मुलगी, एवढंच कारण जमलेली लग्नं मोडायला पुरत होतं. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात, आणि कडी आपल्या दाराला. इतक्या वर्षांनी तेच पुन्हा चाललं होतं.

मार्ग त्या मुलीनेच काढला. आईच्या मागे लागून तिने वडिलांना एकदाच क्लबात आणायला लावलं. पडद्यावर पोळ्याच्या बैलाचं चित्र घेतलं आणि ते मोठं करत नेलं, तेव्हा नुसते रंगीत चौकोन दिसू लागले. मग ती सांगत गेली. प्रत्येक चौकोन म्हणजे तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत, कारण पुठ्ठे पाचऐवजी आठ. आकडा बदलला की चौकोन बदलतो. मग तिने माझा फोटो घेतला आणि दहा मिनिटांत माझं डोकं बैलाच्या धडावर बसवलं. वडील हसले. मग एकदम गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणजे हे कुणाचंही करता येतं.” ती म्हणाली, “हो, आबा. तो फोटो मी नाही. ते कुणीतरी बदललेले आकडे आहेत.”

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून पोलिसांत तक्रार द्यायला गेलो. तुम्हीही लक्षात ठेवा, मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो, आणि मुली-स्त्रियांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. मुलीने दहावीची परीक्षा दिली. आता ती अकरावीत शास्त्र शाखेला आहे.

मी गोष्ट इथे संपवली तर टाळ्या मिळतील, पण ते खरं होणार नाही. त्या मुलीला घरात अजून फोन मिळत नाही. आणि त्याच क्लबातली दुसरी एक मुलगी, हाताने हुशार, दिवाळीनंतर आलीच नाही. आम्हाला कळलं तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन तिचं लग्न लावून झालं होतं. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या, आणि आपला धुळे जिल्हा राज्याच्या सरासरीच्या बराच वर आहे. क्लब म्हणजे जादू नव्हे. तिची वही अजून क्लबच्या कपाटात आहे.

तरी मी म्हणते की करायला हवं. मुंबईत धारावीच्या नयानगरमध्ये ‘धारावी डायरी’ या उपक्रमात 2014 पासून वस्तीतल्या मुली जमू लागल्या आणि एमआयटीच्याच फुकट साधनावर मोबाइलची अ‍ॅप्स बनवू लागल्या. त्यांनी काय बनवलं ते बघा. एक पाण्याच्या रांगेसाठी, कधी आपला नंबर आहे हे कळावं म्हणून. एक घरून शिकणाऱ्या मुलींसाठी. आणि एक संकटात सापडलेल्या बाईने मदत मागण्यासाठी, ‘विमेन फाइट बॅक’ नावाचं. हंडा ज्यांच्या डोक्यावर, त्यांनाच पाण्याचं अ‍ॅप सुचलं. धुळे-जळगावच्या नळाची वाट बघणाऱ्या मुलींना काय सुचेल, हे आपण अजून विचारलेलंच नाही.

शेवटी बहिणाबाईंचं सांगते. आसोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्याच्या नात्यातल्या एका भावाने टिपून घेतली तेवढी गाणी 1952 मध्ये, त्या गेल्यावर, छापून आली. जी कुणी टिपली नाहीत, ती गेली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, याचा मला अभिमान आहे. पण मनात येतं, बाईच्या डोक्यातलं उतरवून घ्यायला दुसऱ्या कुणाचा हात किती दिवस लागावा?

आपल्याला मंडळ चालवता येतं, बचत गट चालवता येतो. याच खानदेशात, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, शहाद्याच्या आदिवासी बाया आधी शिबिरांत एकत्र बसल्या आणि मग दारूची मडकी फोडायला निघाल्या. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. आधी बसायला जागा लागते. माझं मागणं तेवढंच आहे. तुमच्या गावात एक खोली, आठवड्यातले चार तास आणि दाराशी बसणारी एक आई शोधा. यंत्र मागाहून येईल, तोवर पुठ्ठे आहेत, बिबड्या आहेत. आणि पहिल्या दिवसापासून एका गोष्टीवर डोळा ठेवा, जो मी महिनाभर ठेवला नाही. खुर्चीवर कोण बसलं आहे आणि खुर्चीच्या मागे कोण उभं आहे?